पीयूसी नापास, प्लग काळा: पंधरा वर्षांच्या गाडीचे तीन महिने

गाडी म्हणजे शंभर सीसीची मोटरसायकल, फोर-स्ट्रोक, कार्बोरेटरवाली, नोंदणी सप्टेंबर २०१०, एमएच-११ (सातारा). धाव ६१ हजार किलोमीटर. मे महिन्यापर्यंत तक्रार नाही. २४ मे २०२५ ला पावसाळ्याआधीचं सर्व्हिसिंग झालं: ऑइल, चेन, ब्रेक, आणि कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाची, सफाई. ११ जूनला सकाळी किक मारून मारून गाडी सुरू होईना. स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) काढला तर काळाकुट्ट. नवा टाकला, चालू झाली. ३० जूनला तोही गेला. तिसरा १२ जुलैला.

प्लग ११० रुपयांना मिळतो आणि बदलायला पाच मिनिटं लागतात. म्हणूनच हा प्रकार महिनोन् महिने चालतो. दर पंधरा दिवसांनी १६ चा बॉक्स पाना काढायचा, नवा प्लग लावायचा, पुढं जायचं. इथेही तसंच चाललं असतं, पण १४ सप्टेंबरला आरसीची पंधरा वर्षं संपत होती. पुनर्नोंदणीला चालू पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) लागते, आणि काळ्या प्लगच्या गाडीला पीयूसी मिळेल याची खात्री नव्हती.

तेव्हा १२ जुलैला, शनिवारी, तिन्ही मेलेले प्लग पेपरवर शेजारी शेजारी मांडले.

काळा प्लग म्हणजे एक रोग नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करावं लागतं. कोरडी, मखमलीसारखी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आहे, हवा कमी आहे, नाहीतर प्लग तापतच नाही. ओली, चकचकीत, डांबरासारखी काळी असेल तर ते इंजिन ऑइल. ओला आहे पण काळा नाही आणि पेट्रोलचा वास येतो, तर गाडी ओव्हर झाली आहे (सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलं आहे) किंवा ठिणगीच पडत नाही. चांगल्या प्लगचं पांढरं चिनीमातीचं नाक फिक्या तपकिरी रंगाचं असतं, दुधाच्या चहासारखं.

आमचे तिन्ही कोरडे होते. नाकावर, बाजूच्या पट्टीवर, आट्यांच्या तोंडाशी सगळीकडे सारखी काजळी. मल्टिमीटर २० मेगाओहमवर ठेवून वरचं टोक आणि प्लगचं लोखंडी अंग यांच्यामध्ये मोजलं. चांगल्या प्लगला मीटर काहीच दाखवत नाही, रेंजच्या बाहेर जातो. हे तिघं ०.४, १.१ आणि ०.७ मेगाओहम दाखवत होते. काजळी म्हणजे कार्बन, कार्बनमधून वीज जाते. ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलनं पाठवलेलं व्होल्टेज टोकाच्या फटीतून, म्हणजे गॅपमधून, उडी मारण्याऐवजी काजळीवरून सरळ अंगात उतरतं, ठिणगी पडतच नाही. १० मेगाओहमच्या खाली आलं की मिसिंगला (ठिणगी चुकायला) सुरुवात होते असं धरायचं. साडेतीनशे रुपयांचा मीटर या कामाला पुरतो.

प्लगला स्वतःची काजळी जाळून टाकता येते, पण त्याचं नाक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तर. ८५० च्या वर गेलं तर तेच नाक निखारा होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटवतं. शाहूपुरी ते सदर बझार असे दोन-तीन किलोमीटरचे सहा हेलपाटे मारणाऱ्या गाडीचा प्लग ४५० ला पोचायच्या आधीच गाडी बंद होते. त्यामुळे अशा गाडीत थोडंसं जास्त पेट्रोलही लगेच दिसतं. हायवेवरच्या गाडीत तोच दोष कदाचित कळलाही नसता.

पहिलं काम: लावलेला प्लग बरोबर नंबरचा आहे का. एनजीकेच्या नंबरात आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. बॉशच्या नंबरात उलट, आकडा लहान तितका थंड. दुकानदार 'सेमच आहे' म्हणून दुसऱ्या कंपनीचा देतो तेव्हा गोंधळ होतो तो इथेच. सी७एचएसए असं लिहिलं असेल तर सी म्हणजे १० मिलिमीटरचे आटे, ७ हा तापमानाचा आकडा, एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर. एच च्या जागी ई असेल तर लांबी १९ मिलिमीटर. तो या हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) बसवला तर पिस्टनला भेटायला जाईल. आपले तिन्ही प्लग मॅन्युअलप्रमाणेच होते, गॅप ०.६ ते ०.७, फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासला. म्हणजे प्लग निर्दोष.

ओळखीच्या मिस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, "एक नंबर गरम प्लग टाका, काळा पडायचा नाही." खरं आहे, ७ च्या जागी ६ टाकला तर काजळी जळेल. पण जास्तीचं पेट्रोल जिथून येतंय तिथून येतच राहणार, आणि पुढं कधी दोष दुरुस्त झाला की तोच गरम प्लग यवतेश्वराच्या चढाला निखारा होणार. म्हणून नको म्हटलं.

१३ जुलै, रविवार. आता ठिणगीची बाजू. प्लग कॅपचा रोध मोजला, ५ किलोओहम असायला हवा. ५.२ आला, पण कॅप हलवली की मीटर मधेच गायब. कॅप उलटी फिरवून काढली तर आत तारेच्या टोकाला हिरवी बुरशी. साताऱ्याच्या जुलैत हे नवल नाही. जाड वायरचं टोक सहा मिलिमीटर कापलं, आतली तांब्याची तार चकाकेपर्यंत, आणि नवी कॅप ९० रुपयांची फिरवून बसवली. गाडी सुधारल्यासारखी वाटली. वाटण्यावर जाऊ नका.

इथे दोन सूचना. प्लग हेडला टेकवून 'ठिणगी बघा कशी निळी पडते' हा प्रयोग अर्धवट आहे. उघड्या हवेत ०.७ मिलिमीटर उडी मारणं सोपं. सिलिंडरच्या आत दाबाखाली तेवढ्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर सहा मिलिमीटर उडी मारणारी ठिणगी असेल तर ती आत भरवशाची. दुसरं, वायर मोकळी सोडून किक मारू नका, सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो. आणि प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असताना ठिणगी तिथे नेऊ नका, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

मेलेल्या प्लगांपैकी दोन साफ करून फिरवायला ठेवले. निदान चालू असताना रोज नवा प्लग घालणं म्हणजे पैसे काजळीत घालणं. कार्बोरेटर क्लीनरमध्ये तासभर बुडवायचा, जुन्या टूथब्रशनं घासायचा, हवा मारून वाळवायचा, मीटर लावून बघायचा. तारेच्या ब्रशनं घासू नये, चिनीमातीवर धातूचे ओरखडे राहतात आणि तेही वीज वाहतात. गॅसच्या शेगडीवर लाल करणं ही जुनी रीत. त्यात नाकाला न दिसणारी चीर जाते.

१९ जुलैला, शनिवारी, वाढे फाट्याकडे पीयूसी. पन्नास रुपये. आरसी संपायच्या ६० दिवस आधीपासून फॉर्म २५ (पुनर्नोंदणीचा अर्ज) भरता येतो, म्हणजे १६ जुलैलाच खिडकी उघडली होती. निकाल: सीओ ५.४ टक्के, एचसी ५,२०० पीपीएम. या वयाच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला मर्यादा ३.५ टक्के आणि ४,५००. नापास.

नापासाचा कागद फेकून द्यायचा नसतो. पन्नास रुपयांत एवढी चांगली तपासणी दुसरी कुठली मिळत नाही. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल. ते ठिणगी चुकल्यानंही वाढतं आणि मिश्रण जड (पेट्रोल जास्त, हवा कमी) झाल्यानंही. पण सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल, ते फक्त हवा कमी पडली की वाढतं. नुसती ठिणगी चुकत असती तर एचसी आकाशाला भिडला असता आणि सीओ जागेवर राहिला असता. सीओ ५.४ आला म्हणजे दोष पेट्रोल-हवेच्या बाजूला. कॅप, कॉइल, सीडीआय, सगळ्यांची त्या कागदानं सुटका केली. त्यातून पीयूसीची मोजणी आयडलिंगवर, म्हणजे थ्रॉटल न पिळता, होते. आयडलिंगला पेट्रोल देतं ते स्लो जेट (कार्बोरेटरमधलं बारीक भोकाचं पितळी नळकांडं), मेन जेट नव्हे. हे तेव्हा लक्षात घेतलं असतं तर पुढचे दोन रविवार वाचले असते.

पण पद्धतीप्रमाणे स्वस्तापासून सुरुवात केली. २० जुलैला एअर फिल्टर. कागदी, खालचा कोपरा तेलकट. नवा १४० रुपयांचा. चोकची फुलपाखरू-पाती हातानं उघडझाप करून पाहिली, पूर्ण उघडत होती. एक खूण मात्र तेव्हाच दिसली: जुलैतल्या गार सकाळी ही गाडी चोकशिवाय पहिल्या किकला सुरू व्हायची. लोक याला गाडीचा गुण समजतात. थंड इंजिनाला जड मिश्रण लागतं म्हणून चोक असतो. ज्याला चोक लागत नाही त्याचं मिश्रण आधीच जड आहे. उलट गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू करताना थ्रॉटल पूर्ण पिळावा लागत होता. तीही तीच खूण.

फुकटातली तिसरी खूण यवतेश्वराच्या घाटात मिळाली. समर्थ मंदिराकडून वर निघालं की कासपर्यंत पंचवीसेक किलोमीटरमध्ये चांगली उंची चढते. वर हवा विरळ, कार्बोरेटरला ते कळत नाही, तो तेवढंच पेट्रोल देतो, म्हणून मिश्रण आणखी जड होतं. ज्या गाडीचं मिश्रण आधीच जड आहे ती वर गेल्यावर आणखी गुरगुरते; हलकं असेल तर वर जाऊन थोडी बरी चालते. आमची वर गेल्यावर चार किलोमीटरला दोनदा बंद पडली. पठारावर फुलांचा हंगाम अजून लांब होता, गर्दी नव्हती, एवढंच सुख.

याच आठवड्यात प्रत्येकानं एकच निदान दिलं: ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. सध्या कशालाही तेच उत्तर आहे. इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाच्या मळीतून निघतं, त्यामुळे त्याला शिव्या घालताना लोक जरा हळू आवाजात घालतात. पण या दोषात ते बसत नाही. शुद्ध पेट्रोलला एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, २० टक्के इथेनॉल असलेल्याला साधारण साडेतेरा. जुन्या कार्बोरेटरची जेट तीच असल्यानं ई-२० वर मिश्रण हलकं होतं, जड नाही. प्लग काळा नाही, पांढरट व्हायला हवा. जुनी रबरं फुगणं, टाकीत पाणी धरणं, हे वेगळे विषय. पाण्याची शंका असेल तर टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसेल. आमच्यात दिसला नाही.

२७ जुलै, फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग. दोन रात्रींचा प्रयोग आधी केला: एक रात्र पेट्रोलचा कॉक बंद, एक रात्र चालू. कॉक चालू ठेवलेल्या सकाळी प्लग पेट्रोलनं ओला आणि बंद ठेवलेल्या सकाळी कोरडा असेल, तर फ्लोटची नीडल (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) गळते. दोन्ही सकाळी सारखाच कोरडा होता. डिपस्टिकच्या ऑइललाही पेट्रोलचा वास नव्हता. तरी कार्बोरेटर खाली घेतला. नीडलच्या रबरी टोकावर बारीक वलय पडलेलं दिसलं म्हणून १२० रुपयांची नवी टाकली, जी टाकायची गरज नव्हती. पातळी मोजली ती पारदर्शक नळीनं: वाटीच्या खालच्या ड्रेनला नळी लावायची, नळी वर वाटीला चिकटून धरायची, ड्रेनचा स्क्रू सैल करायचा. नळीत जिथे पेट्रोल थांबतं ती आतली पातळी. मॅन्युअलच्या खुणेपासून फरक नव्हता.

३ ऑगस्ट, रविवार, आणि खरं काम. नवा प्लग, आणि थ्रॉटलच्या मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण: बंद, पाव, अर्धा, पूर्ण. यामागचं गणित असं की थ्रॉटल एक अष्टमांश उघडेपर्यंत स्लो जेट, पुढं पावपर्यंत थ्रॉटलबरोबर वरखाली होणाऱ्या स्लाइडचा कापलेला काठ, पाव ते पाऊण स्लाइडची नीडल (फ्लोटची नव्हे), त्यावर मेन जेट. कोणत्या खुणेवर प्लग काळा होतो ते कळलं की कोणता भाग काढायचा ते कळतं.

संगम माहुलीचा पूल ओलांडून कोरेगावच्या रस्त्याला लागलो. गाडी पूर्ण गरम करून घेतली. अर्ध्या थ्रॉटलवर पाच किलोमीटर एकसारखं चालवलं, मग क्लच दाबून त्याच क्षणी चावी बंद, आयडलिंगला येऊ न देता कडेला गाडी थांबवली, प्लग काढला. गरम असतो, हातमोजा घ्या, आणि हेड ॲल्युमिनियमचं असल्यानं पाना हळू. रंग: फिका तपकिरी. चांगला! तोच प्लग परत बसवून दहा मिनिटं नुसती आयडलिंगला ठेवली. काढला: काळा, मखमली. म्हणजे नीडल ठीक, दोष स्लो जेटच्या मार्गात.

परत आल्यावर हवेचा स्क्रू फिरवून बघितला. या कार्बोरेटरवर तो फिल्टरच्या बाजूला आहे, म्हणजे तो हवा सोडतो: बाहेर काढला की मिश्रण हलकं. (इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो, सगळं उलट. फिरवण्याआधी जागा बघा.) सामान्यपणे अलगद पूर्ण आत टेकवून दीड-दोन फेरे बाहेर काढले की आयडलिंग सर्वांत छान लागतं, त्याच्यापुढं उतरतं. आमचा साडेतीन फेरे बाहेर आला तरी आरपीएम वाढतच होते. तीन फेऱ्यांच्या पुढंही सुधारत असेल तर जेट मोठं आहे.

स्लो जेट बाहेर काढलं. पितळेचं, बोटाच्या पेरापेक्षा लहान. डोक्यावर आकडा ३८, जो असायलाच हवा होता. म्हणजे जेट बदललेलं नव्हतं. पण खिडकीसमोर धरून डोळा लावला तर भोक गोल नव्हतं. एका अंगाला किंचित ओढल्यासारखं, आणि आतल्या पितळेवर ताजा चमकता ओरखडा. मोजायचं कसं? या जातीच्या जेटवर ३८ म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर. गिटारच्या तारा इंचाच्या हजाराव्या भागात मिळतात: १५ नंबरची ०.३८१ मिलिमीटर, १६ ची ०.४०६. एक तार वीस रुपयांना. १६ नंबरची तार या जेटमधून आरपार गेली, जोर न लावता. ३८ मधून ती जायला नको. ०.३८ चं भोक ०.४०६ झालं तर क्षेत्रफळ चौदा टक्क्यांनी वाढतं, आणि आयडलिंगला चौदा टक्के जास्त पेट्रोल म्हणजे हा सगळा तमाशा.

२४ मे च्या सफाईत कुणीतरी जेटमध्ये पोलादी तार घातली होती. कुठं, कुणी, त्याचा काही उपयोग नाही. जेट साफ करायचं असेल तर क्लीनर आणि हवा. फारच गच्च बसलं असेल तर नायलॉनचा धागा. दातकोरणी, पिन, क्लचच्या वायरचा तुकडा, काही नको. सर्व्हिसिंगला गाडी देताना 'कार्बोरेटर खोलू नका, तक्रार नाही' हे चार शब्द बोलून ठेवा.

राधिका रोडवर ओरिजिनल स्लो जेट नव्हतं. ६० रुपयांचं चालू पाकीट होतं, तीन जेट आणि पॅकिंग. त्यातल्या जेटवर ३८ छापलेलं होतं पण १६ नंबरची तार त्यातूनही गेली. दुकानदार तार बघून हसला, मग त्यानेच दुसरं पाकीट उघडून दिलं, त्यातूनही गेली. ओरिजिनल मागवलं, सहा दिवस लागले, ८० रुपये. ९ ऑगस्टला राखी पौर्णिमेच्या दिवशी मिळालं, १० ला बसवलं. या वेळी तार जात नव्हती. स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर, आयडलिंग १,४०० आरपीएम.

१२ ऑगस्टला पुन्हा पीयूसी, पुन्हा पन्नास रुपये: सीओ १.९, एचसी २,४००. पास. त्याच रात्री परिवहनच्या वाहन पोर्टलवर फॉर्म २५. पुनर्नोंदणीचे १,००० आणि पंधरा वर्षांवरच्या दुचाकीचा पर्यावरण कर २,०००, पाच वर्षांसाठी. जुन्या गाडीला आधी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, ती जीएसटीसह ५३१. बसवायची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी करा. ओरिजिनल आरसी, विमा, पीयूसी, ओळखपत्र, आणि चासिस नंबरची पेन्सिल प्रिंट. प्रिंट काढताना त्या जागेचं ग्रीस आधी रॉकेलनं पुसा, नाहीतर कागदावर नुसता डाग उमटतो. मुदत चुकली तर मोटरसायकलला दर महिन्याला ३०० रुपये जादा. तपासणीची तारीख १० सप्टेंबर मिळाली.

इथे हा लेख संपायला हवा होता. कागद पास झाला होता.

२४ ऑगस्टला, ४२० किलोमीटरनंतर, सहज प्लग काढला. नाक तपकिरी, छान. पण आट्यांचं तोंड आणि पट्टीची एक बाजू ओली, चकचकीत काळी. बोटाला लावलं तर पेट्रोलसारखं उडून जाईना, चिकट. ऑइल. हा दुसराच काळा रंग, आणि तो जूनपासूनच तिथे असणार. काजळीचा जाड थर तेल पिऊन टाकतो, त्यामुळे सगळं कोरडं दिसतं. पहिला दोष काढला म्हणून दुसरा उघडा पडला. त्या वेळी फिल्टर, कॅप, जेट, गरम प्लग, सगळं एकाच दिवशी बदललं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं.

पीयूसीनं हे का पकडलं नाही? दिवसाकाठी थेंब-थेंब जाणारं तेल दोन मिनिटांच्या आयडलिंगमध्ये दिसत नाही.

आधी साधी गोष्ट: ऑइल जास्त तर भरलेलं नाही ना. गाडी मेन स्टँडवर सरळ, डिपस्टिक पुसून, न फिरवता टेकवून. पातळी बरोबर. ब्रीदरची (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी) नळी मोकळी.

मग धूर. तेल पिस्टनच्या रिंगांतून येतंय की वॉल्व्हच्या देठावरच्या सीलमधून, हे धुराच्या वेळेवरून बऱ्याच अंशी कळतं. रिंगा गेल्या असतील तर लोड घेताना, पिकअपला, सतत निळसर धूर. सील गेले असतील तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना एकच भपका, कारण वरचं तेल गाइडमधून (वॉल्व्हचा देठ सरकतो त्या नळीतून) हळूहळू खाली झिरपून जमतं. आणि उतारावर थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये आलं की सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो, इनटेक गाइडमधून तेल ओढलं जातं. खाली येऊन थ्रॉटल उघडला की भपका. मागे दुसऱ्या गाडीवर एकाला बसवून यवतेश्वराचा घाट उतरलो. समर्थ मंदिराच्या अलीकडे थ्रॉटल उघडला तेव्हा तो ओरडला, "आलं बघा, निळं!"

मिस्त्रींचं मत: "हाफ इंजिन करावं लागंल. साडेचार हजार." रिंग, पिस्टन, बोअर. करण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा म्हटलं. गेज त्यांच्याकडे होतं, १० मिलिमीटरचा ॲडॉप्टर शोधायला अर्धा तास गेला. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा (हे लोक विसरतात आणि मग कमी आकडा आला म्हणून इंजिन खोलतात), सहा-सात किका. १५० पीएसआय. मग प्लगच्या भोकातून चमचाभर, पाचेक मिलिलिटर ऑइल सोडून पुन्हा. १५५. रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलानं फट बुजून आकडा पंचवीस-तीसनं उडी मारतो. पाच म्हणजे काही नाही. मिस्त्रींनी स्वतः दुसऱ्यांदा किका मारून बघितल्या आणि म्हणाले, "मग सीलच. हेड उतरवू."

२७ ऑगस्टला गणपती बसले. विसर्जन होईपर्यंत कुणी हेड उतरवत नाही. तोपर्यंत गाडी कमी चालवली. ८ सप्टेंबरला, सोमवारी, सकाळी काम धरलं.

हेड उलटं करून वॉल्व्ह काढल्यावर वाद उरला नाही. एक्झॉस्ट वॉल्व्ह कोरडा, राखाडी. इनटेक वॉल्व्हच्या पाठीवर, देठाच्या खालच्या वळणावर, जळालेल्या तेलाची काळी गाठ, नखानं निघेना अशी. सील रबराचे असतात. हे बांगडीसारखे कडक झाले होते, पिळल्यावर एकाचा काठ तुटून हातात आला. वॉल्व्ह दहा मिलिमीटर वर उचलून आडवा हलवून पाहिला, गाइडमध्ये खेळ जाणवला नाही. जाणवला असता तर नुसते सील टिकत नाहीत, लेथवाल्याकडे गाइड बदलायला जावं लागतं. गाठ खरवडली, दोन्ही वॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टनं सीटवर घासले, पोर्टमध्ये पेट्रोल ओतून पाच मिनिटं ठेवलं, खाली थेंब नाही. नवे सील जोडी ११०, हेड पॅकिंग सेट २४०, ऑइल ३८०, मजुरी ९००. टॅपेट (वॉल्व्हची फट) लावले थंड इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना. नवीन पॅकिंग बसतं म्हणून पाचशे किलोमीटरला पुन्हा तपासायचे.

प्लग घालताना: आधी हातानं शेवटपर्यंत, मग नवा असेल तर पान्यानं अर्धा फेरा, एकदा वापरलेला असेल तर जेमतेम बारावा भाग. १० मिलिमीटरचे आटे ॲल्युमिनियममध्ये असतात, ताकद दाखवायची ती जागा नाही.

१० सप्टेंबरला तपासणी झाली. चासिस नंबर, नंबर प्लेट, दिवे, हॉर्न, इंडिकेटर. प्लगबद्दल अर्थातच कुणी विचारलं नाही. फाइलवर शिक्का पडायला पाऊण तास, आधी रांगेत दोन तास.

सगळा खर्च, मल्टिमीटर, दोन पीयूसी आणि वाया गेलेल्या वस्तू धरून, आरटीओचे पैसे सोडून, २,९०० च्या आसपास. त्यातली फ्लोट नीडल आणि फिल्टर दोषासाठी लागले नव्हते. कॅप लागली असती, पण पुढच्या पावसात.

५ ऑक्टोबरला, सील बदलल्यापासून ६४० किलोमीटरनंतर, प्लग काढला. ३ ऑगस्टला लावलेला तोच. नाक तपकिरी, आटे कोरडे, मीटर रेंजच्या बाहेर. ॲव्हरेज ४४ वरून ५८ वर आला आहे. आता थंड सकाळी गाडीला चोक लागतो. आरसीचं कार्ड त्याच आठवड्यात पोस्टानं आलं, मुदत २०३० पर्यंत. ३८ नंबरचं ते जुनं जेट आणि १६ नंबरची तार टूलकिटच्या डबीत एकत्र ठेवली आहेत.